बाईंसाठी बांधलेली खोली

मी पहिल्यांदा यमुनाबाईंकडं गेले ती भांडायला. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटीही मीच भांडले, आणि मधल्या सहा वर्षांत त्या बाईंनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. माझी जीभ लांब आहे हे माहेरी येडशीला सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न करून या गावात निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "तिथं तरी जरा तोंड सांभाळ." नाही सांभाळलं. बाईंना या गावातून आम्ही घालवलं, आणि तेही जीव लावून, कौतुक करून घालवलं. म्हणून लिहायला बसले आहे.

गाव आमचं सास्तूरच्या अलीकडं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, म्हणून गल्ल्या सरळ, घरं एकसारखी, प्रत्येक घराला नंबर आणि पुढं मोकळी जागा. जुनं गाव लांब राहिलं, तिथं आता दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी. मी भूकंपानंतर जन्मलेली आणि बाहेरून आलेली. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, पहिल्याच महिन्यात मला एक गोष्ट बजावली होती. "सविता, इथं कुणाला तुमच्यातलं कोण गेलं म्हणून इच्चारायचं न्हाय. ज्येला सांगायचंय त्यो आपून सांगतो." आत्याबाईंचं मी ऐकलं असं एवढंच एक, आणि नेमकं तेच नडलं.

तर भांडण. माझी स्वरा तेव्हा साडेतीन वर्षांची. बालवाडीत जाऊन आठवडा झाला नाही तोवर एक दिवस अशी घरी आली की फ्रॉकचा रंग ओळखू येईना. गुडघ्यापर्यंत चिखल आणि नखांत शेण. मी तिचं बखोट धरलं आणि तशीच निघाले.

आमची बालवाडी म्हणजे एक पत्र्याची खोली आणि तिच्यापुढं मोठं लिंबाचं झाड. खोलीत खिचडीचं सामान, रजिस्टरं आणि वजनकाटा. पोरं सगळी झाडाखाली. पंधरा-सोळा असतील. मधोमध एक बुटकी, सावळी, हाडकुळी बाई, पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी, हातात खुरपं. बाजूला भुईमुगाच्या शेंगांचा ढीग.

"बाई, लेकरू मी शिकायला पाठवते का शेण काढायला?" मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

त्यांनी वर बघितलं. "स्वराची आई का तुमी? बरं झालं आलाव. आज वार कुणाचाच नव्हता. बसा."

"मी बसायला आलेली नाही."

"मग हुभ्यानं फोडा शेंगा. हे घ्या."

आणि माझ्या ओंजळीत शेंगा. समोर स्वरा बघतेय, बाकीची पोरं बघतायत, आता काय करता. बसले. शेंगा फोडल्या. पोरं एकेक दाणा घेऊन शेणामातीच्या गोळ्यात दाबत होती, आणि कुणाचा दाणा डोळा वर करून लागलाय, कुणाचा खाली करून, यावर त्यांचं मोठं भांडण चाललेलं. तासाभरानं मीसुद्धा त्या भांडणात होते. घरी गेले तर नवरा म्हणाला, "काय म्हणाल्या बाई?" मी म्हणाले, "काही नाही, मंगळवार माझा आहे."

हा वार म्हणजे बाईंची पद्धत. पत्र्याच्या दारावर खडूनं वार लिहिलेले आणि पुढं पोराचं नाव. त्या दिवशी त्या पोराच्या आईनं किंवा बापानं दोन तास काम सोडून यायचं. शिकवायला नाही. आपलं जे रोजचं काम आहे ते पोरांपुढं करायचं, पोरांना हात लावू द्यायचा, आणि विचारतील ते सांगायचं. आमची पिठाची गिरणी, म्हणून मी ज्वारी, गहू, हरभरा आणि करडई घेऊन जायची. पोरं डोळे मिटून हातानं धान्य ओळखायची. एक आई गोधडी घेऊन यायची. महादू गवंडी भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा आणायचा. बाई स्वतः पोरांच्यात बसून, पहिल्यांदाच बघतोय असं तोंड करून विचारायच्या, "हे असं का करायलाव?" आणि आपण रोज करतो ते का करतो हे कुणाला पटकन सांगता यायचं नाही, तेव्हा हळूच हसायच्या.

वार चुकवायचा नाही. कुणी आलं नाही तर बाई सगळी पोरं रांगेनं घेऊन त्याच्याच वावरात जायच्या आणि बांधावर बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. सोळा पोरं बांधावर बसून आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर माणूस काय काम करणार. पुढच्या वेळेला आपोआप यायचा.

बाप लोक लई पळायचे. माळाप्पा नावाचा एक मेंढरं राखणारा होता, त्याचा संकेत बालवाडीत. दोन वार त्यानं बुडवले. तिसऱ्याला बाई पोरं घेऊन माळावर गेल्या. माळाप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा.

"बाई, मला काय येतंय? म्या शाळेचं तोंड बघितलं न्हाय."

"तुमची मेंढरं किती हायत?"

"म्या मोजत न्हाय."

"मग एखादं हुकलं तर?"

"कळतंय की. बघितलं की कळतंय कोण न्हाय ते."

बाई तिथंच खाली बसल्या. "हेच शिकवा," म्हणाल्या. त्या दिवशी माळाप्पानं पोरांना मेंढरांची तोंडं ओळखायला शिकवलं. ही कान कापलेली, ही भित्री, ही सारखी मागं राहती. आणि दुसऱ्या दिवसापासून बालवाडीची हजेरी बदलली. रजिस्टर बाई नंतर भरायच्या. आधी पोरं एकमेकांकडं बघायची आणि सांगायची, आज कोण नाही. नुसतं नाव नाही, का नाही तेही. "आरुषला ताप हाय, काल त्यो पेंगत हुता." तीन-चार वर्षांची पोरं. तपासणीला आलेल्या मॅडमना हे खरं वाटेना. त्यांनी रजिस्टर उघडून ताडून बघितलं, तर एकूण एक नाव जुळलं.

मॅडम यायच्या तेव्हा मात्र बाईंची तारांबळ व्हायची. मॅडमचा एकच प्रश्न, "मुलं बाहेर का? आत का बसवत नाही?" बाईंचं उत्तर दर वेळी वेगळं. आत उकडतंय. आत अंधार हाय. परवा विंचू निघाला. सारवलंय, ओलं हाय. एकदा तर भर थंडीत उकडतंय म्हणाल्या, तेव्हा मी हसू दाबलं होतं. मला वाटायचं, बाईंना पोरं मातीत वाढवायचीत, आणि मॅडमना ते कळणार नाही म्हणून ही सोंगं. आम्ही पालक त्यांची बाजू घ्यायचो. "मॅडम, आमचीच मागणी आहे," असं मी ठोकून दिलं होतं एकदा. निसर्ग, मोकळी हवा, हे शब्दही मीच वापरले. बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

जोराचा पाऊस आला तर पोरं पत्र्याखाली घ्यायच्या. तिथं चालायचं. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळ्या पालकांना एकाच वावरात जमवायच्या. बाप लोकांकडून कडब्याची झोपडीसारखी कोप बांधून घ्यायच्या, आया मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन यायच्या, आणि बाई त्या कोपीत पोरांच्या घोळक्यात तासन् तास बसायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. एरवी बाई कुठंही बसल्या की आधी तळहात जमिनीवर टेकवायच्या, थोडा वेळ तसाच ठेवायच्या आणि मग बसायच्या. पोरंही तसंच करायची. स्वरा घरात जेवायला बसतानाही फरशीवर हात टेकवायची. मला वाटायचं, भुईला नमस्कार शिकवलाय. चांगला संस्कार म्हणून मी पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

राहायला बाई गावातच, एकट्या. नवरा आहे का, पोरबाळ आहे का, कुणी विचारलं नाही. तेरणेच्या पलीकडचं त्यांचं सासर, एवढं माहीत होतं. बाज बारा महिने अंगणात. पावसाळ्यात ओसरीच्या पत्र्याखाली. पण आमच्या गावात म्हातारी माणसं बरीच तशी झोपतात, आत्याबाई पण झोपतात, त्यामुळं त्यात काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

एकदाच मी बाईंना ओरडताना ऐकलं. माझा वार होता. पोरांना लिंबाखाली मेलेली खारूताई सापडली. पोरं रडली, मग त्यांनीच ठरवलं की पुरायची. बाईंनी खड्डा करू दिला, फुलं आणू दिली. वर माती सारली. आणि मग दोन पोरं दगड घेऊन आली, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. आपल्याकडं ठेवतातच दगड, मोठ्यांचं बघितलेलं. पहिला दगड ठेवला आणि बाई धावत आल्या.

"दगड नगं. काढ. काढ आधी त्यो."

पोर घाबरून उभं. बाईंनी स्वतः तो दगड उचलून लांब फेकला. दुसऱ्याच्या हातातला हिसकावून घेतला. मग पत्र्याच्या खोलीत गेल्या आणि पोरं घरी जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. खिचडी मीच वाढली. मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, बाईंचं डोकं फिरलं होतं आज. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

पुढं बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी तुळजापूरला धाकट्या भावाकडं गेल्या. ऑपरेशन, पथ्यपाणी, वर मे महिन्याची सुट्टी, असे दोन महिने तरी लागणार होते. जाताना बालवाडी आमच्यावर सोपवली. दारावरचे वार होतेच, आम्ही आयांनी चालवली. माझा विरू, विराज, तेव्हा नुकताच बालवाडीत जायला लागलेला.

आणि याच दिवसांत माझ्या डोक्यात किडा आला. बाईंनी आमच्या पोरांसाठी एवढं केलं, आणि त्यांना बसायला काय, तर गंजका पत्रा. आपण बांधू की खोली. सगळ्यांनी हातानं बांधू. वार लावून. बाई डोळ्यांची पट्टी काढून येतील ते नवी खोली बघायलाच. ही कल्पना मी मांडली आणि गाव पेटलं, खरंच सांगते. कुणी विटा दिल्या, कुणी ट्रॅक्टर दिला. महादू गवंड्यानं महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. माळाप्पानं वाळू चाळली. बायकांनी पाट्या वाहिल्या. सरपंचानं मान डोलावली. जुनी पत्र्याची खोली पाडून त्याच जागेवर बांधायचं ठरलं. पत्रे काढले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी आत्याबाई मला म्हणाल्या, "बाईला इच्चारलं का गं?"

"न सांगता करायचंय, आत्याबाई. त्यातच गंमत आहे."

"स्लॅबच टाकायलाव का?"

"मग काय परत पत्रे टाकू? पत्र्याखालून बाहेर काढायचंय त्यांना."

"न्हाय, आपलं इच्चारलं," म्हणाल्या आणि बाजेवर कलंडल्या. माझ्याकडं थांबायला वेळ नव्हता.

जूनमध्ये बाई आल्या. काळा चष्मा लावलेला, हातात पिशवी. आम्ही हलगी लावली होती. दारावर आंब्याची पानं, भिंतींवर पोरांच्या हातांचे रंगीत ठसे. बाई लिंबापाशी थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग मान वर करून स्लॅबच्या कडेवरून नजर फिरवली. मी वाट बघत होते, आता रडतील. रडल्याच. आम्ही सगळ्याच रडलो.

"कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच. सगळ्यांनी. वार लावून."

"हातानं?"

"हातानं."

"लई चांगलं झालं," म्हणाल्या. नारळ फोडला, आत गेल्या. मधोमध उभ्या राहिल्या. पोरांनी त्यांना खाली बसवलं तेव्हा त्यांनी तळहात फरशीवर टेकवला तो उचललाच नाही. कपाळावर घाम. मी पंखा लावला. थोड्याच वेळात उठल्या, ऊन लागलं म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.

त्यानंतर तो महिना. पाऊस लागून राहिला होता आणि पत्रा तर आम्हीच पाडलेला. बाई पोरं आत घ्यायच्या, घ्याव्याच लागायच्या. पण स्वतः दारात बसायच्या, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. भिंतीजवळ कुणाला बसू द्यायच्या नाहीत. सगळी पोरं दारापाशी दाटीवाटीनं. एवढी मोठी खोली, मागची सगळी रिकामी. पाऊस उघडला की लगेच बाहेर. येणारे-जाणारे पालक खिडकीतून कौतुकानं डोकवायचे आणि हे बघून नाराज होऊन जायचे. गावात बोलणं सुरू झालं, बाईंना केलेलं पटलं नाही. मला ते लागलं. एक दिवस मी गेलेच.

"बाई, आम्ही उन्हातान्हात पाट्या वाहिल्या. तुम्हाला आवडलं नसंल तर तोंडावर सांगा. असं दारात बसून आमची शोभा कशाला करता?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील.

"आवडलंय की," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून आत बसायला लागल्या. मी जिंकले म्हणून खूश. किती खूश होते म्हणून सांगू.

आत बसून पंधरा-वीस दिवस झाले असतील. बाई वाळत चालल्या होत्या. दुपारची वेळ, पोरं खिचडी खाऊन भिंतीला लागून निजलेली. आणि जमिनीतून तो आवाज झाला. आमच्या भागात होतो तसा अधूनमधून. भांडी वाजतात, माणसं दोन मिनिटं बाहेर येतात, एकमेकांकडं बघतात आणि परत कामाला लागतात. मी गिरणीत होते. बालवाडीकडनं किंकाळ्या आल्या म्हणून पळाले.

बाई पोरं दारातून बाहेर फेकत होत्या. फेकत होत्या, दुसरा शब्द नाही. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, ओढायच्या, फेकायच्या आणि परत आत. आवाज कधीच थांबला होता. सगळी पोरं बाहेर चिखलात पडलेली, रडतायत, आणि बाई रिकाम्या खोलीत भिंतीपाशी गुडघ्यावर बसून फरशी चाचपतायत. माझा विरू पायरीवर पडलेला. त्याचा उजवा हात कोपराच्या खाली भलत्याच बाजूला वळलेला होता.

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. त्यातलं एक लिहिते, कारण ते लिहिलंच पाहिजे. सगळ्या गावापुढं मी म्हणाले, "तुम्हाला स्वतःचं लेकरू असतं तर असं दुसऱ्याचं फेकलं नसतं."

बाई विरूच्या हाताकडं बघत राहिल्या.

विरूच्या हाताला प्लास्टर घातलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, बाई मला उठवत हुत्या. म्हणत हुत्या, चल, चल माझ्यासंगं." मी म्हणाले, झोप आता. पालकांनी दुसऱ्या बाई मागायचा अर्ज केला, पहिली सही माझी. पण तो अर्ज वर गेलाच नाही. त्याआधीच बाईंनी राजीनामा दिला आणि एका सकाळी सहाच्या गाडीनं निघून गेल्या.

आठ दिवसांनी त्यांचे भाऊ टेम्पो घेऊन सामान न्यायला आले. सामान म्हणजे एक पेटी आणि ती बाज. मी तोंड लपवत होते. आत्याबाईंनी त्यांना चहाला बोलावलं. अंगणात उभ्यानंच चहा घेतला त्यांनी, आणि आपण होऊन सांगितलं. आवाज चढवला नाही.

"तिला पोरगं हुतं. चार वर्षांचं. भूकंपाच्या पहाटं ही भाईर जायला उठली, तर ते बी उठून बसलं. म्हणलं, म्या येतो तुझ्यासंगं. ही म्हणली, अंधार हाय, इंचूकाटं असतंय, झोप. थापटून निजवलं अन् गेली. वावरात हुती तवा झालं ते. माघारी आली तर आपलं घर कुठलं हेच कळंना. घरातली तिघं बी गेली. आमी जाऊस्तर दगड काढत हुती. बोटाला नखं ऱ्हायली न्हवती." कप खाली ठेवला. "तवापासनं स्लॅबखाली बसली न्हाय ती. तुमी खोली बांधल्यावर म्या म्हणलं, अगं सांग की त्यास्नी. म्हणली, लेकरांच्या मायबापांनी हातानं बांधलंय, कसं सांगू."

टेम्पो गेल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक न्हवतं. वाटलं हुतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"इच्चारायचं न्हाय म्हणून तुला म्याच सांगितलं हुतं की," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मला रडूसुद्धा आलं नाही त्या दिवशी. गिरणीत जाऊन बसले आणि लोकांचं दळण दळत राहिले.

ती खोली अजून आहे. नव्या बाई आल्या, चांगल्या आहेत, तक्ते लावलेत, पोरं आत बसून गाणी म्हणतात. वार बंद झाले. कुणी मुद्दाम केले नाहीत, पण दारावर नावं लिहायला कुणी नव्हतं. यमुनाबाई पुढच्या वर्षी पौषात गेल्या. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. गावातले बरेच जण तुळजापूरला जाऊन आले. मी गेले नाही. मी आधी एकदा जाऊन आले होते, तेव्हाचं पुरं होतं मला.

ते दिवाळीनंतरचं. विरूचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते. नवरा म्हणाला, जा, नाहीतर तुझा जीव थाऱ्यावर यायचा नाही. विरूला घेऊन गेले. बाईंच्या भावाचं कुंकवाचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान, त्याच्या मागं घर. बाई दुकानापुढच्या पडवीत माळा ओवत होत्या. मला बघून उठल्या. माझ्याशी काही बोलायच्या आधी त्यांनी विरूचा हात बघितला. धरला नाही, नुसता बघितला.

"वर कर बरं, राजा. आता कानाला लाव. मूठ मिट. दुखतंय का?"

विरू म्हणाला, "न्हाय. झाडावर पण चढतो."

"चढतूस?" बाई म्हणाल्या आणि कितीतरी वेळानं श्वास सोडला.

मी पाया पडले. काय बोलायचं ते येताना गाडीत घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हणाले, "बाई, चला परत. आम्ही स्लॅब फोडतो. सगळे तयार आहेत. पत्रे टाकतो. नाहीतर नुसतं झाडाखाली बसा. मी चुकले."

"खुळी हायस का. चांगलं बांधलेलं फोडत्यात व्हय," त्या म्हणाल्या. "तुजी काय चूक. म्या सांगायला पायजे हुतं. तुमचं मन मोडंल म्हणून न्हाय सांगितलं, अन् लेकराचा हात मोडला."

"मग चला की."

बाईंनी सुईत दोरा घातला. नव्या डोळ्यांना तो एका दमात जमला. "न्हाय माय," म्हणाल्या. "खोलीचं काय न्हाय आता. मला माजंच भ्या वाटतंय."

त्यांनी जेवायला घातलं. स्वराची चौकशी केली, माळाप्पाची केली, संकेत अजून बोटं चोखतो का विचारलं. निघाले तर स्टँडपर्यंत पोचवायला आल्या. नको म्हटलं तरी आल्या. विरू त्यांच्या बाजूनं चालत होता, बडबडत होता.

गाडी लागली. पायरी उंच, आणि माणसं मागून रेटत होती. विरूला वर चढता येईना. त्यानं वळून सवयीनं बाईंकडं दोन्ही हात वर केले, रोज बालवाडीत लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसवायला करायचा तसे. बाई वाकल्या. त्यांचे हात पुढं आले, त्याच्या काखेपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. विरू हात वर करून उभाच. बाई सरळ झाल्या, एक पाऊल मागं सरल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच घे त्याला," मला म्हणाल्या.

मी त्याला उचलून वर ठेवलं. खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी मागं वळेपर्यंत बाई तिथंच उभ्या होत्या. विरू खिडकीतून जोरजोरात हात हलवत होता. त्या मान हलवत होत्या. हात त्यांनी पदराबाहेर काढले नाहीत.